सुटता सुटेना!

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारते. आपल्यापैकी किती जणांना बोल्ट डिझाइन करता येतो? हात वर! सगळेच. तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाइनच्या पेपरात त्यावर हमखास एक गणित असतं. डेटा बुक उघडायचं, भार घ्यायचा, फॅक्टर ऑफ सेफ्टी धरायचा, व्यास काढायचा, जवळचा मोठा स्टँडर्ड साइझ लिहायचा आणि उत्तराभोवती चौकट करायची. मार्क खिशात.

आता दुसरा प्रश्न. तोच बोल्ट दहा-पंधरा पावसाळे खाऊन जाम झाला, तर तो बाहेर कसा काढायचा? आजूबाजूचं काही न बिघडवता, कोणाचा हात न तोडता? हा प्रश्न कुठल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरात बघितलाय? मी तरी नाही बघितला. ओरलला नाही, जर्नलमध्ये नाही, वर्कशॉप प्रॅक्टिसच्या जॉबमध्येही नाही. पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनी कानस घासून घासून फिटिंगचा जॉब केला, दोन तुकडे एकात एक बसवले आणि सही घेतली. बसवायला शिकलो. सोडवायला कोणी सांगितलंच नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे की जाम झालेली गोष्ट नीट सोडवणं हेसुद्धा इंजिनिअरिंग आहे, पूर्ण इंजिनिअरिंग आहे, आणि ते आपल्याला शिकवलं पाहिजे. 'ते मेकॅनिकचं काम' म्हणून आपण ते बाजूला सारतो. पण ब्रेकच्या कामात बाजूला सारलेली हीच गोष्ट माणसाचा जीव घेऊ शकते. कशी, ते सांगते.

या वर्षी आमच्या पाच जणांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून ऑटोमोबाईल लॅबमधल्या जुन्या मारुती ८०० चे ब्रेक सुधारायला घेतले. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे आमच्यापैकी बहुतेकांच्या घरची पहिली गाडी हीच. लॅबमधल्या गाडीला पुढे साध्या, भरीव डिस्क आणि मागे ड्रम. आम्हाला पुढे जाड, मधून हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड डिस्क बसवायच्या होत्या.

कशासाठी? गणित सोपं आहे. माणसांसकट ८०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवायची तर साधारण दोन लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे चार कप चहा! आणि ही उष्णता मुख्यतः पुढच्या दोन डिस्क घेतात. घाट उतरताना हाच चहा पुन्हा पुन्हा होतो. डिस्क थंड व्हायला वेळ मिळत नाही, ब्रेक फिका पडतो. मोठी, हवेशीर डिस्क इथे उपयोगी पडते. (एकदा ब्रेक दाबून थांबायचं अंतर मात्र शेवटी टायरची पकड ठरवते. नुसती मोठी डिस्क लावून कोणी सुपरमॅन होत नाही, हे बाइकला डिस्क बसवणाऱ्या आमच्या हॉस्टेलच्या हिरोंनी लक्षात घ्यावं.)

नवीन डिस्कसाठी नकल बदलायचं होतं. नकल म्हणजे चाकाच्या आतला तो भरभक्कम लोखंडी सांधा, ज्याला वरून स्ट्रट, खालून बॉल जॉइंट, बाजूने स्टिअरिंगचा दांडा आणि मधून ड्राइव्ह शाफ्ट येऊन मिळतात. शिवाय ८०० ची चाकं १२ इंची, त्यात मोठं कॅलिपर मावत नाही, म्हणून १३ इंची चाकं. हे सगळं आम्ही कागदावर छान केलं होतं. डिस्कचा व्यास, पॅडचं क्षेत्रफळ, पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण, सगळं. आणि अशा प्रत्येक प्रोजेक्टच्या तक्त्यात 'जुने भाग काढणे' याला जेवढी ओळ असते, तेवढीच आमच्याही होती. एक.

नवीन ब्रेक बसवायला एक दुपार लागली. जुने आठ बोल्ट काढायला साडेतीन दिवस!

बोल्ट जाम का होतो?

आपण म्हणतो 'गंजला'. पण गंज म्हणजे नुसता तपकिरी रंग नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. आट्यांमधली फट तर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. त्या फटीत हा फुगणारा पाहुणा शिरला की तो नट आणि बोल्ट दोघांनाही आतून दाबून धरतो. आणि आपल्या कोकणातली हवा तुम्हाला माहीतच आहे. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. हॉस्टेलच्या खिडकीची कडी दर जूनमध्ये जिथे हलत नाही, तिथे चाकाच्या आत चिखल खाणाऱ्या बोल्टने काय करावं?

अजून एक गोष्ट. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्टला ताणण्याच्या कामी येतो. हे आपल्याला पाठ असतं. याचा उलटा अर्थ मात्र कोणी सांगत नाही. नव्या, तेल लावलेल्या बोल्टमध्येच ९० टक्के घर्षण असेल, तर गंजलेल्यात काय असेल?

पाइप नावाचा राक्षस

बोल्ट हलला नाही की आपल्या पोरांच्या डोक्यात पहिला विचार कुठला येतो? पाइप! पान्याच्या मागे लांब पाइप घालायचा आणि लोंबकळायचं. आमच्यातल्या एकाने तो आणलाही. तेवढ्यात वर्कशॉपचे मामा आले. मामा म्हणजे वर्कशॉप असिस्टंट. आपण सगळे त्यांना मामाच म्हणतो. पाइपकडे बघून म्हणाले, "ताई, त्याला सांगा तो खाली ठेवायला. बोल्ट सुटायचा नाय, तुटेल."

मामांनी ते अनुभवावरून सांगितलं. मी नंतर रूमवर बसून त्याचं गणित केलं, आणि ते इतकं बरोबर निघालं की मी दोनदा तपासलं. बघा हं. दहा मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट. आट्यांच्या मुळाशी त्याचा व्यास साधारण ८.२ मिमी उरतो. ८.८ चा अर्थ तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल आणि यील्ड त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. आटे पूर्ण पकडलेले असतील आणि डोक्याखालचं घर्षण बाजूला ठेवलं, तर हा बोल्ट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास कायमचा पिळायला लागतो आणि ६५-७० च्या पुढे तुटतो. आता ६० सेंटिमीटरचा पाइप घ्या आणि त्याच्या टोकाला ४० किलोचं वजन टाका. झाले साधारण २३५ न्यूटन-मीटर! तुटायला लागतो त्याच्या तिप्पट. म्हणजे पाइप घेतलेल्या माणसाला बोल्ट तुटतोय हे कळायच्या आतच तो तुटलेला असतो. आणि तो माणूस गाडीखाली जॅकच्या शेजारी तोंडावर पडलेला असतो.

हे गणित 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स'च्या दुसऱ्याच चॅप्टरमधलं आहे. टॉर्शन. पण तिथे नेहमी 'शाफ्ट' असतो. तो शाफ्ट कधी गंजलेला नसतो, आणि त्याच्या टोकाला आपला मित्र कधी लोंबकळत नसतो.

मामांची पद्धत

मी कॉन्व्हेंटची. घरी मराठी, पण शाळेत सायन्स सगळं इंग्लिशमध्ये. 'थ्रेड' हा शब्द सातवीपासून माहीत होता, 'आटे' हा शब्द मात्र मला मामांकडून कळला. "आधी आटे साफ करा," हे त्यांचं पहिलं वाक्य. नटाच्या बाहेर बोल्टचं जे टोक दिसतं, त्यावर वायर ब्रश मारायचा. कारण नट त्याच वाटेने बाहेर येणार. वाटेत गंज आणि चिखल असेल तर सुटलेला नटही परत अडकणार. किती साधी गोष्ट! पण सुचली कोणाला?

मग तेल. झिरपणारं तेल मिळालं तर उत्तम. आपण सगळे ज्याला सरसकट नाव घेऊन ओळखतो तो डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी बनवलेला ४० वा प्रयत्न होता, हे नावातच आहे. तेल कुठलंही असो, ते लगेच काम करत नाही. संध्याकाळी मारायचं, सकाळी परत मारायचं. आम्हाला हेच सहन होत नव्हतं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणारी माणसं आपण, बारा तास नुसतं थांबायचं म्हणजे काय! पण फटीतून तेल शिरायचं ते त्याच्या वेळेने शिरतं. एक खबरदारी मात्र घ्यायची. हे तेल डिस्कवर किंवा पॅडवर एक थेंबही उडता कामा नये.

मग ठोके. बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके, मध्यम ठोके. तोडायला नव्हे, गंजाची पकड खिळखिळी करायला. मग गोटी पाना, आणि तोही सहा कोनी. बारा कोनी गोटी कडांच्या टोकांना धरते आणि गंजलेल्या बोल्टच्या कडा गोल करून टाकते. एकदा डोकं गोल झालं की संपलं. आणि शेवटची गंमत म्हणजे पहिला झटका सोडण्याच्या दिशेने नाही, आवळण्याच्या दिशेने! थोडासाच. गंज तुटला की 'कट्' असा आवाज येतो. मग पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल, परत पाव फेरा. टॅपने आटे पाडताना आपण जसं पुढे-मागे करतो तसंच. मामा कान लावून ऐकत होते. 'कट्' कोरडा आला तर गंज, आणि नुसतंच मऊ मऊ फिरायला लागलं तर बोल्ट पिळतोय, थांबा. कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?

आठपैकी पाच बोल्ट असे सुटले. उरले तीन.

आग आणि करवत

दोन बोल्ट होते बॉल जॉइंटचे. नकलच्या खालच्या कानाला एक चीर असते. त्यात बॉल जॉइंटचा खुंट बसतो आणि आडवा बोल्ट त्या खुंटाच्या खाचेतून जाऊन चीर आवळून धरतो. चिरेतून पाणी थेट आत जातं, त्यामुळे गंजायला याच्याइतकी आदर्श जागा नाही. इथे गॅस लागला.

तापवण्यामागचं गणितही बघा. स्टील दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांत १२ भाग प्रसरण पावतं. दहा मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर ते ०.०३६ मिमीने मोठं होतं. केसाच्या जाडीपेक्षा कमी! पण फटच जिथे शतांशात आहे तिथे तेवढं पुरतं. अट एकच. बाहेरचा भाग पटकन तापला पाहिजे, आतला बोल्ट अजून थंड असताना. सावकाश शेकत बसलात तर दोघेही सारखेच फुगणार, मग उपयोग काय? तापल्यावर मामांनी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून फटीत ओढलं गेलं आणि गार होताना त्याने तेलाचं काम केलं. लाइट गेल्यावरच्या मेणबत्तीचा एवढा चांगला उपयोग मी आजवर पाहिला नव्हता.

पण मित्रांनो, आग घेऊन उड्या मारू नका. बॉल जॉइंटचं रबर शेजारीच असतं. आम्ही ते ओल्या फडक्याने गुंडाळलं होतं आणि नंतर नीट तपासलं. स्ट्रटच्या नळीला ज्योत कधीही लावायची नाही. ती बंद नळी आहे, आत तेल आणि अनेकदा दाबाखालचा गॅस असतो, तो फुटू शकतो. ब्रेकचा होज, ब्रेक ऑइल दूर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या भागावर ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारलाय तिथे गॅस किंवा वेल्डिंग नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावक असतं. ते तापलं की फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला तोच हा. थोडासाही छातीत गेला तर गंभीर. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला कंटाळू नका.

शेवटचा राहिला तो खालच्या आर्मच्या बुशमधला बोल्ट. याची तऱ्हाच वेगळी. पाना लावला की फिरतो, सोडला की परत येतो! कारण तो आट्यांत अडकलेलाच नव्हता. बुशच्या आत जी स्टीलची नळी असते, तिला तो आतून गंजून चिकटला होता. आपण फिरवत होतो ते रबर. तेल त्या नळीत पोचत नाही, आग लावली तर रबर जळून काळा धूर. मग मामांनी विचारलं, "यातलं काय ठेवायचंय आणि काय टाकायचंय?" बुश फाटलेलेच होते, बदलायचेच होते. आर्म ठेवायचा होता. बॉडीचा ब्रॅकेट तर ठेवायलाच हवा. मग उत्तर सरळच निघालं. बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. दीड तास. घाम. पण ब्रॅकेटला ओरखडा नाही.

मला वाटतं, मामांचा तो एक प्रश्न म्हणजे इंजिनिअरिंग आहे. आपण वस्तू वाचवायला जातो आणि स्वस्तातली वाचवताना महागातली तोडतो.

खरा वाद इथे झाला

शुक्रवारी डेमो. गुरुवारी दुपारी सगळे बोल्ट टेबलावर. सात अख्खे, एक तुकड्यात. नवीन बोल्टचा एक संच आणायला सांगितलेला होता, पण तो तालुक्याच्या दुकानात नव्हता, सोमवारी येणार होता. ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं होतं की जुनेच साफ करून घालू, डेमो उरकू, मग बदलू. "दिसायला तर ठीक आहेत ना!" "गाडी कॅम्पसमध्येच तर फिरणार!" आणि एक मध्यम मार्गसुद्धा निघाला, की कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचे आणू.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. मार्क सगळ्यांचेच होते, आणि डेमो पुढे ढकलणं म्हणजे काय हे तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा. पण माझा विरोध होता आणि आजही आहे. कारण 'दिसायला ठीक' हे बोल्टच्या बाबतीत काहीच सांगत नाही. ज्याला आपण घाव घालून, पिळून बाहेर काढलं तो यील्डच्या किती जवळ जाऊन आला हे डोळ्यांना दिसत नाही. ८.८ आणि १०.९ ग्रेडचे बोल्ट बनवताना पाणी देऊन मग किमान ४२५ अंशांवर टेम्पर केलेले असतात. ज्योतीत लाल झालेला बोल्ट ही ताकद गमावून बसतो. गार झाल्यावर मात्र तो अगदी साळसूद दिसतो! आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टच्या डोक्यावर कुठलाच आकडा नसतो. खिडकीची जाळी बसवायला तो चालेल. इथे नाही.

सरांनी आमचं भांडण ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "हिशोब दाखवा." आम्ही हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशोब केला. वर दिला आहे तोच. तो बघून सरांनी डेमो पुढच्या मंगळवारी ढकलला. या गोष्टीबद्दल मला सरांचे मनापासून आभार मानायचे आहेत. कारण तारखेपुढे हिशोब जिंकताना मी कॉलेजात फार वेळा पाहिलेला नाही.

नवीन बोल्ट आले, डोक्यावर ग्रेडचे आकडे असलेले. सेल्फ-लॉकिंग नटही नवीन. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळले. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्ट्रटचे बोल्ट हलले की चाकाचा कॅम्बर हलतो, म्हणून अलाइनमेंट केली. आणि टॉर्क रेंच! हे आपल्या लॅबमधलं दुर्मिळ रत्न. स्टॉक व्हेरिफिकेशनच्या भीतीने ते कपाटात कुलपात असतं. किल्ली मिळवायला अर्ज लागतो. चोरीला जाऊ नये म्हणून ठेवलेलं अवजार वापरलंच गेलं नाही, तर ते चोरीला गेल्यासारखंच नाही का? संबंधितांनी कृपया विचार करावा.

मग करायचं काय?

नुसती तक्रार करून काय उपयोग, म्हणून माझ्या तीन सूचना.

पहिली. वर्कशॉप प्रॅक्टिसमध्ये एक जॉब सोडवण्याचा ठेवा. भंगारातले गंजलेले सांधे आणा, प्रत्येक बॅचला एक द्या. बोल्ट न तोडता काढा, तुटलाच तर मधोमध पंच मारून, ड्रिल करून, आटे वाचवून काढा. मार्क त्यावर. भंगार फुकट आहे, आणि आपल्या हवेत गंजाचा तुटवडा पडणार नाही!

दुसरी. डिझाइन शिकवताना प्रत्येक सांध्याला एक प्रश्न जोडा, की हा पंधरा वर्षांनी कसा उघडेल? पान्याला जागा आहे का? पाणी साचतं का? हा प्रश्न जुन्या गाड्यांपुरता नाही. २०२१ मध्ये देशाचं वाहन भंगार धोरण आलं. लाखो गाड्या कुठेतरी, कोणीतरी उघडणार आहे. चिकटवून बंद केलेले बॅटरी पॅक उद्या कोण उघडणार? आपणच. बनवणारा इंजिनिअर आणि उघडणारा मेकॅनिक ही आपली जुनी विभागणी तिथे चालणार नाही.

तिसरी सगळ्यात सोपी आहे आणि उद्यापासून करता येईल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'काढताना काय झालं' याचं एक प्रकरण सक्तीचं करा. आमच्या रिपोर्टची पहिली प्रत ४२ पानांची होती. त्यात या साडेतीन दिवसांना अर्धं पान. पुढच्या बॅचला डिस्कचं गणित कुठेही मिळेल, पण त्या बुशमधला बोल्ट कापावा लागतो हे कुठे मिळणार? आम्ही नंतर ते प्रकरण सहा पानांचं केलं. आणि आभाराच्या पानावर, जिथे मॅनेजमेंटपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे असतात आणि मामांसारखी माणसं 'वर्कशॉप स्टाफ' या दोन शब्दांत उरकली जातात, तिथे मामांचं नाव पूर्ण लिहिलं. त्यांनी ते वाचून, "माझं आडनाव चुकवलं नाय तुम्ही, नशीब!" एवढंच म्हटलं आणि चहाला गेले.

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये जॅकवर गाडी चढवून, खाली विटा रचून, यूट्यूब बघत ब्रेक बदलणाऱ्या मित्रांना जाता जाता एक विनंती. विटा दबावाखाली एका क्षणात फुटतात, स्टँड वापरा. रस्त्यावर चालवायच्या गाडीत बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडी कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपापासून बदलण्यावर त्यात मर्यादा आहेत. आमची गाडी लॅबची, कॅम्पसबाहेर न जाणारी, म्हणून हा खेळ जमला. आणि बोल्ट हलत नसेल तर पाइप शोधू नका. तेल मारा, मेसमध्ये जाऊन जेवून या, झोपा, सकाळी परत मारा.

आपल्याला सगळं लगेच सुटायला हवं असतं. पेपर, सबमिशन, प्लेसमेंट... आणि नाही सुटलं की आपण जोर वाढवतो. मला विचाराल तर जोर सगळ्यात शेवटी. आधी साफ करा, थांबा, ऐका, हिशोब करा. बघा, पटतंय का. नाही पटलं तर वर्कशॉपमध्ये या, टेबलावर ते सात बोल्ट अजून ठेवलेत. त्यातला कुठला वापरण्यासारखा आहे, ते नुसतं बघून सांगा!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल